दशमी, कोरा चहा आणि पिठाचे पाणी

पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून केलेली भाकरी किंवा पोळी म्हणजे दशमी. आज ती मऊ राहते, दोन दिवस टिकते, म्हणून क्वचित केली जाते. पूर्वी तिचे प्रयोजन याहून गंभीर होते. पाण्यात भिजलेले आणि शिजलेले अन्न खरकटे, त्याला विटाळ लवकर होणार. दुधात भिजवलेले पीठ मात्र या नियमातून सुटे. म्हणून सोवळे पाळणाऱ्या घरातला माणूस वाटेला लागला की त्याच्या शिदोरीत दशम्या पडत. उत्तर हिंदुस्थानात याच न्यायाने तुपात तळलेले अन्न ‘पक्के’ ठरले आणि पाण्यात शिजलेले ‘कच्चे’. पक्के अन्न परक्या हातचे चाले, कच्चे चालत नसे. घराबाहेरचे अन्न ग्राह्य करण्याची शक्ती दुधात आणि तुपात होती. दूध हा एका अर्थी प्रवासाचा परवानाच होता.

हा इतिहास आठवण्याचे कारण अगदी आजचे आहे. मांसमच्छीबरोबर दूध, दही, तूप, लोणी, मध हे सारे वर्ज्य मानणारा प्रवासी आता आपल्या हमरस्त्यांवरच्या उपाहारगृहांत आणि रिसॉर्टांत दिसू लागला आहे. तो स्वतःला ‘वीगन’ म्हणवतो. त्याची अडचण सांगताना बहुधा असे म्हटले जाते की ही कल्पना परकी आहे आणि आपल्या स्वयंपाक्यांना ती उमगत नाही. आम्हांला हे निदान अपुरे वाटते. दुधातुपाशिवायचे जेवण महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या शिजत आले आहे. फक्त ते प्रतिष्ठित प्रवाशाचे जेवण नव्हते. अडचण पाककृतीची कमी आणि प्रतिष्ठेची अधिक आहे. हे पडताळून पाहण्यास भिवंडीइतके सोयीचे गाव दुसरे क्वचितच सापडेल.

भिवंडी जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यावर वसली आहे. १८५७ च्या उठावानंतरच्या धामधुमीत उत्तरेतले मोमीन विणकर आपापले गाव सोडून दक्षिणेकडे निघाले. त्यांतले अनेक येथे स्थिरावले. पुढे हातमाग जाऊन यंत्रमाग आले, तेलुगुभाषक पद्मशाली विणकर आले, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून कामगार येत राहिले. दुसरीकडे याच तालुक्यात वज्रेश्वरी आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ मधील वसईविजयाशी आणि त्यांच्या नवसाशी या देवळाची कथा जोडलेली आहे. जवळच अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आहेत, आणि नित्यानंदांचे व त्यांचे शिष्य मुक्तानंद यांचे गणेशपुरी आहे. म्हणजे एकाच तालुक्यात पोटासाठी आलेला प्रवासी आणि पुण्यासाठी वा विसाव्यासाठी आलेला प्रवासी असे दोघेही जेवतात. या दोघांच्या ताटांचा इतिहास वेगवेगळा लिहावा लागतो.

पहिला इतिहास पुण्यासाठी फिरणाऱ्यांचा. याच १८५७ च्या सुमारास वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले होते. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मुळे मराठी वाचकाला तो काळ परिचित आहे. त्या काळच्या भिक्षुक प्रवाशाने वाटेत एक तर स्वतः चूल पेटवावी, नाही तर स्वजातीच्या घरी पान मांडून घ्यावे. विकतचे शिजवलेले अन्न खाणे ही नामुष्की होती. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि ही व्यवस्था हळूहळू मोडू लागली. गाडी चुलीसाठी थांबत नाही. स्थानकांवर हिंदूंचे पाणी आणि मुसलमानांचे पाणी निराळे झाले, तरी शेजारच्या बाकावरचा माणूस कोण हे विचारणे अवघड झाले.

शहरातल्या उपाहारगृहांपुढे त्यामुळे एक विशेष प्रश्न उभा राहिला. परक्या हातचे शिजलेले अन्न सोवळ्यातून आलेल्या गिऱ्हाइकाला कसे विकावे? दादरला १९१० मध्ये मामा काणे यांचे उपाहारगृह निघाले, माटुंग्याला १९४२ मध्ये ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग निघाले. अशा जागांनी मध्यमवर्गाला बाहेर जेवण्याची सवय लावली आणि स्वच्छतेला मोठी किंमत दिली, हे त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण एकूण व्यवसायाने विश्वासाची जी खूण निवडली ती जुनीच होती. पाटीवर ‘शुद्ध’ आले, ‘साजूक’ आले. १९३७ च्या सुमारास डालडा बाजारात आला आणि ‘शुद्ध तूप’ या शब्दांना भेसळीच्या भीतीचे नवे बळ मिळाले. गंमत अशी की, ज्याच्या धाकाने ही पाटी लागली ते वनस्पती तूप आजच्या वीगन कसोटीला सहज उतरले असते!

येथे भाषेकडेही पाहिले पाहिजे. मराठीत सुबत्ता दुधानेच मोजली जाते. घरात दूधदुभते असणे म्हणजे बरे चालणे. उणे पत्करणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणे. ‘साजूक’ हा शब्द तर तुपावरून माणसाच्या वागण्यापर्यंत पोहोचला. याउलट दूध नसलेल्या चहाला आपण ‘कोरा’ म्हणतो आणि तो पुढे करताना यजमानीण ओशाळते. ‘दूध संपलंय हो, कोराच आहे’ या वाक्यात वस्तुस्थिती थोडी आणि क्षमायाचना फार असते. आजचा वीगन प्रवासी महामार्गावरच्या टपरीवर आपण होऊन कोरा चहा मागतो, तेव्हा चहावाला बुचकळ्यात पडतो तो पाककृतीमुळे नव्हे. ज्या गोष्टीसाठी माफी मागायची तीच हा पैसे देऊन का मागतो, हे त्याला कळत नाही.

दुसरा इतिहास पोटासाठी फिरणाऱ्यांचा. त्याची शिदोरी म्हणजे भाकरी, कांदा, ठेचा किंवा कोरडी चटणी. गिरणगावात एकटा राहणारा कामगार खाणावळीत जेवे. घरच्या घरी खाणावळ चालवणाऱ्या बायांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांच्या बोलीत या खाणावळीला ‘बिस्सी’ म्हणतात. बांधलेल्या पैशांत दोन वेळचे जेवण, पाळीच्या वेळा सांभाळून. डाळ, भात, रोटी, भाजी हा तिचा कणा. सामिष जेवणाचे वार ठरलेले. दुधाला या हिशेबात फारशी जागा नाही, कारण ते परवडत नाही.

सरकारनेही हाच हिशेब केलेला दिसतो. १९९५ मध्ये १ रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळीत १० रुपयांत पोळ्या, भाजी, वरण आणि भात मिळू लागला. दोन्ही ताटांत दूध, दही, तूप नाही. स्वस्तात स्वस्त पोटभर जेवण कागदावर मांडायला बसले की पहिल्यांदा दूध गळते. वीगन प्रवाशाला जे ताट हवे ते राज्याने गरिबासाठी दोनदा आखले. दोन्ही वेळा त्याला ते नाव सुचले नाही आणि सुचण्याचे कारणही नव्हते.

तथापि या उणिवेला करुणेचा मुलामा देण्याचा मोह टाळला पाहिजे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) हे पुस्तक मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकघराची नोंद करते. तेथील रांधण्यात तूप-दुधाचा वावर नगण्य. पण मांस आहे, आणि ते का आले, कोणते आले, याला जातिव्यवस्थेचा इतिहास आहे. ज्याला दूध मिळालेच नाही त्याने दुधाचा त्याग केला असे म्हणता येत नाही. त्याग हा शब्द उच्चारण्याआधी ती वस्तू हाताशी असावी लागते. उपाहारगृहाच्या दाराशीही हेच. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाला सार्वजनिक उपाहारगृहांतील प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, हे विसरून ताटातल्या नीतीची चर्चा करणे अर्धवट होईल.

सोवळे आणि दारिद्र्य यांखेरीज तिसरा एक धागा आहे, तो भूगोलाचा. कोकणातली गुरे लहान, त्यांचे दूध बेताचे. नारळ मात्र उदंड. तेथल्या स्वयंपाकाने गाईम्हशीचे काम नारळाकडे सोपवले आणि त्याच्या रसाला बिनदिक्कत ‘दूध’ म्हटले. सोलकढी, नारळाच्या दुधातल्या शेवया, काळ्या वाटाण्याची आमटी, आंबोळी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या या पदार्थांत काहीही वगळलेले नाही; त्यामुळे कशाची उणीवही जाणवत नाही. भिवंडीच्या आसपासच्या आगरी घरांतली तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे याच जातकुळीचे. प्रवासात दुधाविना आनंदाने कसे जेवावे याचे सर्वांत समाधानकारक उत्तर या घरगुती पानांत मिळते, असे आम्हांला वाटते. आगाऊ सांगितले तर फोडणी तेलाची मिळते. मोदकावर वा वरणावर तूप सोडणारा यजमानांचा हात मात्र वेळीच अडवावा लागतो, आणि तो अडवताना त्यांना वाईट वाटू न देणे हीच खरी कला.

मग हमरस्त्यावरच्या आणि रिसॉर्टमधल्या ताटाचे काय झाले? फाळणीनंतर पंजाबी जेवण देशभर पसरले. दिल्लीच्या दर्यागंजातल्या मोतीमहलसारख्या ठिकाणांहून लोणी-टोमॅटोची रस्सेदार घडण सर्वत्र गेली. १९७० मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले आणि दूध मुबलक होत गेले. मराठी स्वयंपाकघराला एकेकाळी जवळजवळ अनोळखी असलेले पनीर हे बाहेरच्या शाकाहारी जेवणाचे प्रमाणपत्र बनले. मांस न खाणाऱ्या पाहुण्याचा मान राखायचा तर पनीर हवे, वर साय हवी, रोटीला लोणी हवे. दशमीतले दूध विटाळ टाळत होते. पनीरमधले दूध कमीपणा टाळते. परवाना तोच, मोहर बदलली.

‘वीगन’ हा शब्द इंग्लंडात १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला. परंतु दुधामागच्या क्रौर्याचा विचार त्यापूर्वीच येथे झाला होता. गाईम्हशींकडून अधिक दूध काढण्याच्या अघोरी रीती वाचून अस्वस्थ झालेल्या गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे भारतात आल्यावर दीर्घ आजारात, मुंबईच्या डॉ. दलालांच्या आग्रहापुढे आणि कस्तुरबांनी सुचवलेल्या तोडग्यापुढे, ते शेळीच्या दुधावर आले. व्रताचे शब्द पाळले, आशय निसटला, हे शल्य त्यांनी आत्मकथेत लपवले नाही. दूध सोडणे शक्य असूनही ते किती अवघड आहे, याची ही प्रांजळ साक्ष आहे.

२०२२ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने वीगन पदार्थांसाठी नियम आणि चिन्ह ठरवले. वेष्टनावरचा हिरवा ठिपका दुधाबद्दल मौन पाळत होता. ते मौन निदान तेथे सुटले. ताटावर मात्र अजून बोलूनच काम करावे लागते. तेही अशक्य नाही. कांदा, लसूण, बटाटा वगळून ‘जैन पावभाजी’ करायला आपली उपाहारगृहे शिकलीच, कारण त्या नकारामागे एक मान्य धर्म उभा होता. वीगन नकारामागे धर्म नाही, केवळ विवेक आहे. विवेकासाठी पाककृती बदलायला आपण किती तयार आहोत, हा यातला खरा प्रश्न आहे. तोवर पिठले-भाकरी, उसळ, दह्याविना मिसळ, लोणी न लावलेला वडापाव, तेलावरचा डोसा, कांदेपोहे हे भिवंडीपासून कसाऱ्यापर्यंत कुठेही मिळणारे पदार्थ प्रवाशाला उपाशी ठेवत नाहीत. ‘तूप, लोणी, दही, दूध काही नको’ असे चार वस्तूंचे नाव घेऊन सांगावे. ‘वीगन’ म्हटल्याने घोटाळा वाढतो, आणि ‘शाकाहारी’ म्हटल्याने पनीर येते!

महाभारतातला बाल अश्वत्थामा दुधासाठी हट्ट धरतो, तेव्हा सवंगडी त्याला पाण्यात कालवलेले पीठ देतात आणि ‘दूध प्यायलो’ म्हणून नाचणाऱ्या त्या पोराला हसतात. द्रोणाचार्यांच्या आयुष्याचे वळण या हसण्यापासून सुरू होते. आपल्या परंपरेत पिठाचे पाणी हे अपमानाचे रूपक आहे. आता मुंबईच्या कॉफीगृहांत ओटचे दूध जादा पैसे मोजून घेतले जाते. ते तरी दुसरे काय आहे? वस्तू जवळपास तीच, पण पिणाऱ्यापाशी निवड आहे. भिवंडीच्या बिस्सीतला माणूस आणि वज्रेश्वरीच्या वाटेवरचा वीगन प्रवासी उद्या एकाच प्रकारच्या डाळभाकरीला बसतील. प्रवाशाने ती चवीने खावी, तिच्यात पश्चात्तापाचे कारण नाही. फक्त आपण नवीन काही शोधून काढले असे त्याने मानू नये. हे ताट ज्यांनी टिकवले त्यांना दूध नाकारण्याची संधी कधी मिळालीच नव्हती, आणि ती त्यांना मिळावी ही इच्छाही त्याच्या नीतीत बसली पाहिजे.