कुरळ्या केसांची रात्रीची टोपी

वळणे दिलेले केस रात्रीत बिघडतात ते ओलाव्याने आणि घर्षणाने. केसाचा आकार केराटिन या प्रथिनातल्या बंधांवर टिकतो. त्यांपैकी हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस ज्या आकारात वाळेल त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून मानेला घाम आला की बसवलेल्या बटा सैल पडतात. जन्मजात दाट कुरळ्या केसांची अडचण आणखी निराळी. टाळूचे तेल इतक्या वळणांतून टोकापर्यंत पोचत नाही, केस कोरडा राहतो आणि सुती अभ्रा उरलेली स्निग्धताही टिपून घेतो. कूस बदलताना केसावरचे सूक्ष्म खवले सुताच्या धाग्यांत अडकतात. सकाळी गुंता होतो, तो सोडवताना केस तुटतो. यावर माणसाने उपाय दोनच शोधले: डोके अंथरुणापासून उचलून धरायचे, नाहीतर केस झाकायचे.

डोके उचलून धरणाऱ्या लाकडी किंवा दगडी उशा प्राचीन इजिप्तपासून आहेत. तुतनखामेनच्या थडग्यात हस्तिदंताची आणि निळ्या काचेचीही उशी सापडली. मात्र त्या केसांसाठीच होत्या असे म्हणण्याची घाई करू नये. उष्ण प्रदेशात मानेखालून वारा खेळणे हाही मोठाच लाभ. काँगो खोऱ्यातल्या लुबा लोकांत हेतू स्पष्ट दिसतो. तिथली थरावर थर उतरणारी केशरचना कित्येक तास बसून बांधावी लागे, आणि ती मोडू नये म्हणून कोरीव लाकडी टेकूवर मान ठेवून निजत. जपानमध्ये एदो काळात स्त्रिया याच कारणाने खोक्यासारख्या उंच उशीवर झोपत. क्योतोच्या माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, स्वतःच्या केसांची रचना करवून घेतात आणि आजही उंच उशी वापरतात.

युरोपात रात्रीचा वेळ कुरळेपणा टिकवण्यापेक्षा तो घडवण्यासाठी खर्ची पडे. ओलसर बट कागदाच्या तुकड्यात गुंडाळून पीळ द्यायचा, वर झोपायची टोपी चढवायची आणि सकाळी कागद सोडायचे. हा खटाटोप केवळ बायकांचा नव्हता. कवी बायरनच्या खोलीत त्याचा मित्र स्क्रोप डेव्हिस अवेळी शिरला तेव्हा कविराज बटांना कागद बांधून पडलेले आढळले, असा किस्सा कॅप्टन ग्रोनोने आपल्या आठवणींत नोंदवला आहे.

आज ‘बॉनेट’ म्हणून विकली जाणारी सॅटिनची टोपी मात्र अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या घरांतून आलेली आहे. तिचे मूळ अनेकदा १७८६ च्या एका फर्मानाशी जोडले जाते. स्पॅनिश लुइझियानाचा गव्हर्नर एस्तेबान मिरो याने त्या वर्षी आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र स्त्रियांना केस फडक्याने झाकण्याची सक्ती केली. त्यांनी भारी कापडाची रंगीबेरंगी बांधणी करून ती सक्ती मिरवायची वस्तू बनवली. गोष्ट खरी आहे, पण ती दिवसाची आणि रस्त्यावरची. रात्रीच्या टोपीची वंशावळ मळ्यांवरच्या रविवारात शोधावी हे बरे. १९३० च्या दशकात सरकारी लेखक प्रकल्पाने गुलामगिरी भोगलेल्या वृद्धांच्या आठवणी टिपून घेतल्या. त्यांत लुइझियानातला एक वृद्ध सांगतो की मुली आठवडाभर बोंडातून काढलेल्या कापसात केस गुंडाळून ठेवत आणि रविवारी ते सोडून विंचरत. तेल लावत नसत, कारण केस नैसर्गिक कुरळे दिसायला हवे असत. इतरांच्या आठवणींत कापसाऐवजी दोरा किंवा चिंध्या येतात. दोऱ्याने केस बांधण्याची रीत पश्चिम आफ्रिकेत आजही चालते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तापवलेल्या कंगव्याने केस सरळ करण्याची चाल पडली, आणि आता रात्री घामापासून जपायचा तो सरळपणा. काम उलटे झाले, फडके तेच राहिले. १९८० च्या दशकात जेरी रेडिंग या केशतज्ज्ञाच्या नावाचे ‘जेरी कर्ल’ गाजले. ते रसायनाने घडवलेले असत आणि सतत ओलसर ठेवावे लागत, म्हणून बरेच जण प्लास्टिकची टोपी घालून झोपत. न घातल्यास उशीवर तेलाचे डाग ठरलेले. ‘कमिंग टू अमेरिका’ या १९८८ च्या चित्रपटात अख्ख्या कुटुंबाच्या डोक्यांचे डाग सोफ्यावर उमटवून यावरच विनोद केला आहे.

सॅटिनची सरशी झाली ती विणीमुळे. या विणीत धागा चार किंवा अधिक आडव्या धाग्यांवरून मोकळा जातो, त्यामुळे पृष्ठ सलग गुळगुळीत राहते आणि केस घसरतो. पॉलिएस्टरच्या धाग्याने तीच वीण रेशमापेक्षा कितीतरी स्वस्त पडू लागली. २००० नंतर नैसर्गिक केस राखण्याची चळवळ इंटरनेटवर फोफावली, तेव्हा टोपीसोबत तिची वापरपद्धतही पसरली: बटा माथ्यावर सैल गोळा करून मऊ बंधाने एकच वेढा द्यायचा आणि वर टोपी चढवायची. या शेंडीला ‘पायनॅपल’ म्हणतात. बंध घट्ट बसला तर वळणांवर आडवी खाच पडते आणि सकाळी ती पाण्याशिवाय जात नाही.

टोपी घराबाहेर आली तेव्हा कुरबूर झालीच. ह्यूस्टनच्या एका शाळेने २०१९ मध्ये ती घालून येणाऱ्या पालकांना आवारात मज्जाव केला, तर २०२१ मध्ये अभिनेत्री मोनीक हिने विमानतळावर ती घालणाऱ्या तरुणींना बोल लावले आणि त्यावरून समाजमाध्यमांत मोठा वाद झाला. ज्यांना टोपी नको वाटते ते सॅटिनचा अभ्रा घेतात. त्याने घर्षण कमी होते, पण कूस बदलताना बटा दबायच्या त्या दबतातच.