ओझे कोणाच्या पाठीवर?

दिंडोशीच्या इमारती मागे पडल्या की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे जंगल फार दूर नसते. जवळच, गोरेगावच्या चित्रनगरीला लागून, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. मुलांना घेऊन तिकडे निघालो असताना नववीतल्या एका मुलीने खांद्यावरची सॅक सावरत विचारले, "सर, पूर्वीचे शिकारी जंगलात राहायचे, तेव्हा असली सॅक कुठे मिळत होती?"

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वी आपल्याकडे शिकार हा प्रतिष्ठेचा शौक होता. इंग्रज अंमलदारांच्या शिकारीच्या मुक्कामाला तंबू, घडीची खाट, लोखंडी पेट्या आणि होल्डऑलमध्ये बांधलेली भली मोठी वळकटी लागे. बैलगाडी जाईल तिथवर बैलगाडी आणि त्यापुढे माणसांची डोकी. वळकटी पाच शेर जड झाली म्हणून साहेबाची मान दुखत नव्हती. मग हलक्या पिशवीचा विचार त्याने करावा तरी कशाला?

ज्यांची मान दुखत होती त्यांचे काय झाले, हे कुमाऊँच्या इतिहासात दिसते. दौऱ्यावरचे अधिकारी, शिकारी आणि पाहुणे यांचे सामान वाहणे तिथल्या खेडुतांवर सक्तीचे होते. याला 'कुली-बेगार' म्हणत. कोणाची पाळी केव्हा, याच्या वह्या गावोगाव ठेवलेल्या असत. जानेवारी १९२१मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत, बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली, लोकांनी त्या वह्या सरयू नदीत बुडवल्या. पाठ्यपुस्तकात या घटनेला फारशी जागा मिळत नाही, मिळायला हवी.

शिकारी एकटा असेल आणि ओझे त्याच्याच पाठीवर असेल, तर गोष्ट बदलते. नॉर्वेचा ओले बर्गन १९०८ साली सशांच्या शिकारीला गेला होता. पाठीवरची पिशवी ढिली लोंबत होती, पट्टे खांद्यांत रुतत होते. त्याने जुनिपरची एक फांदी पाठीच्या आकारात वाकवली आणि पिशवीला जोडली. पुढच्या वर्षी त्याने अशा चौकटीच्या पिशवीचे पेटंट घेतले.

फांदीने नेमके काय केले? ओझे पाठीपासून जितके दूर लोंबेल तितका गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो पावलांवर आणण्यासाठी आपण पुढे वाकतो आणि कमरेच्या स्नायूंवर ताण येतो. चौकट ओझ्याला पाठीशी धरून ठेवते. पुढे १९५२च्या सुमारास अमेरिकेत डिक केल्टी याने अॅल्युमिनियमची चौकट आणि कमरपट्टा असलेल्या सॅक विकायला सुरुवात केली. कमरपट्ट्यामुळे बराचसा भार खांद्यांऐवजी नितंबाच्या हाडांवर जातो. म्हणून सॅक घेताना रंग आणि खिसे नंतर पाहावेत, आधी पट्टा कमरेवर नीट बसतो का ते पाहावे. (आपल्या मुलांच्या दप्तरांना हा पट्टा सहसा नसतोच.)

झोपण्याच्या पिशवीची कथाही अशीच, उघड्यावर रात्र काढणाऱ्यांची. पिरेनीज पर्वतात चोरट्या व्यापारावर पाळत ठेवणारे फ्रेंच जकात शिपाई मेंढीच्या कातड्याची, लोकर आत असलेली पिशवी वापरत. दिवसा ती गुंडाळून पाठीला लावत. फ्रान्सिस गाल्टनने 'आर्ट ऑफ ट्रॅव्हल' या पुस्तकात तिचे वर्णन केले आहे. १८७६ साली वेल्समधल्या प्राइस-जोन्स या व्यापाऱ्याने लोकरी रगाच्या पिशवीचे पेटंट घेतले आणि ती रशियाच्या सैन्याला विकली.

लोकर असो, बदकाची पिसे असोत की कृत्रिम धागे, ऊब त्यांच्यात नसते. ऊब शरीराची, धाग्यांत अडकलेली स्थिर हवा ती बाहेर जाऊ देत नाही. अंगाखाली पिसे दबली की हवा निघून जाते, म्हणून खाली कॅरीमॅट लागते. पिसे भिजली की त्यांचे गोळे होतात आणि हवेची जागा पाणी घेते. पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या सुमारे २४ पट वेगाने वाहते. लोकर मात्र आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही.

धनगराची घोंगडी आठवावी. रात्री अंथरूण-पांघरूण, पावसात डोक्यावर खोळ, एरवी खांद्यावर. साहेबाच्या तळाबाहेर शेकोटीपाशी खांद्यावरची घोंगडी ओढून झोपलेला माणूसच आजच्या गिर्यारोहकाच्या सर्वांत जवळचा होता, असे मी त्या मुलीला सांगितले. तिला ते पटले नाही. घोंगडी टोचते म्हणाली.

मग आम्ही वर्गात दोन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरले. एक घोंगडीत सैल गुंडाळली, दुसरी तेवढ्याच घोंगडीत दोरीने करकचून आवळली. दर दहा मिनिटांनी तापमान लिहीत गेलो. दोरीची बाटली आधी निवली. तुम्ही करून पाहाल तेव्हा भिजवलेल्या घोंगडीतली तिसरी बाटलीही ठेवा. पण तिचे काय होईल ते मुलांना आधी फळ्यावर लिहायला सांगा.