जड इंधन तेलातील समावेशके

जड इंधन तेलातील समावेशके : जड इंधन तेलाच्या (भट्टी तेलाच्या) ज्वलनामुळे होणारे धातूंचे संक्षारण व साचणारे निक्षेप कमी करण्यासाठी त्यात अल्प प्रमाणात मिसळण्यात येणारी द्रव्ये. हे तेल मुख्यत्वे कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातनानंतरच्या अवशेषापासून मिळत असल्याने गंधक, व्हॅनेडियम इ. घटक त्यात एकवटतात.

तुर्भे (मुंबई) येथे १९५४ व १९५५ मध्ये दोन तेल परिष्करण कारखाने सुरू झाल्यावर कोकणच्या उत्तर भागाला या इंधनाचा पुरवठा जवळून होऊ लागला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९६२) रोहे तालुक्यात धाटाव येथे औद्योगिक क्षेत्र उभारले. तेथील रासायनिक उद्योगांसारख्या उद्योगांना सतत वाफ लागते. बाष्पित्राच्या नळ्या गंजल्यास उत्पादन थांबते, तर काजळी साचल्यास उष्णता वाया जाऊन इंधनाचा खर्च वाढतो.

संक्षारण दोन प्रकारचे असते. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड सु. ६७०–६९०° से.ला वितळते, सोडियमाबरोबर बनणारी त्याची काही संयुगे ६००° से.खालीही वितळतात. हा द्रव धातूवरील संरक्षक ऑक्साइडाचा थर विरघळवितो. अमेरिकेतील युनियन पॅसिफिक रेल्वेच्या, जड तेलावर चालणाऱ्या वायू टरबाइन एंजिनांना (१९५२–६९) पात्यांच्या अशा झिजेचा त्रास झाला. मॅग्नेशियमाची संयुगे मिसळल्यास १,०००° से.हून अधिक तापमानास वितळणारी व्हॅनेडेटे तयार होतात. राख कोरडी व ठिसूळ राहून सहज झाडता येते. दुसरा प्रकार धुराड्याकडील थंड भागात आढळतो. गंधकाच्या ज्वलनातून अल्प प्रमाणात होणारे ट्रायऑक्साइड पाण्याच्या वाफेशी संयोग पावते व सु. १२०–१५०° से.ला सल्फ्यूरिक अम्लाच्या रूपात धातूवर साचते. मॅग्नेशियम ऑक्साइड त्याचे उदासिनीकरण करते. यांशिवाय लोह व मँगॅनीज यांची संयुगे काजळीचे ज्वलन सुलभ करतात, तर अपस्करणकारके टाकीतील गाळ विखुरतात.

समावेशकांमुळे गंधक नाहीसे होत नाही. सल्फर डाय-ऑक्साइड हवेत जातेच. सदोष ज्वलनक किंवा हवेचे चुकीचे प्रमाण यांवरही ती उपाय नव्हेत. म्हणून मूळ इंधन बदलण्याकडे कल वाढला. बाँबे हाय क्षेत्रातून १९७६ पासून अल्प गंधकाचे कच्चे तेल मिळू लागले. पेण तालुक्यातील डोलवी येथे स्पंज लोहाच्या निर्मितीसाठी नैसर्गिक वायूचा अवलंब झाला. जहाजांच्या इंधनातील गंधकाची आंतरराष्ट्रीय मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणण्यात आली. तथापि व्हॅनेडियमयुक्त तेल जेथे जाळले जाते, तेथे मॅग्नेशियमयुक्त समावेशकांचे महत्त्व टिकून आहे.