इंटर्नशिप व्हिसा : ठाणे व कल्याण-डोंबिवली

शिक्षण चालू असताना किंवा ते नुकतेच संपल्यावर परदेशात कामाचा अनुभव घेण्यासाठी लागणारी प्रवेश-परवानगी. याच नावाचा स्वतंत्र व्हिसा थोड्याच देशांत आहे. बहुतेक ठिकाणी ही सोय आदानप्रदान, प्रशिक्षण किंवा विद्यार्थी व्हिसाच्या पोटात येते.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या तेव्हा व्हिसाची भानगड नव्हती; अडवणूक होती ती घरच्या समाजाची. भारतीयांसाठी अमेरिकेने दार जवळजवळ लावून घेतले ते १९१७ च्या कायद्याने.

आजचा तेथील जे-१ (आदानप्रदान) व्हिसा १९६१ च्या शैक्षणिक व सांस्कृतिक आदानप्रदान कायद्यावर उभा आहे. पदवीचे शिक्षण घेणारा किंवा गेल्या १२ महिन्यांत ते पूर्ण केलेला उमेदवार ‘इंटर्न’ म्हणून कमाल १२ महिने जाऊ शकतो. नुसते कंपनीचे ऑफर लेटर येथे चालत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था डीएस-२०१९ हा दाखला देते, आणि डीएस-७००२ या आराखड्यात कोण, काय, कसे शिकवणार ते लिहावे लागते. काम आठवड्याला किमान ३२ तास हवे. त्यात कारकुनी २० टक्क्यांहून जास्त नको. अकुशल मजुरी, बालसंगोपन आणि रुग्णांशी थेट संबंध येणारी कामे वर्ज्य आहेत. सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी प्रणाली) शुल्क २२० डॉलर, व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर. प्रायोजकाची फी निराळी, आणि बऱ्याचदा तीच सर्वांत जड. ‘टूरिस्ट व्हिसावर जा, इंटर्नशिप तिथे बघू’ असे सुचवणारा एजंट विद्यार्थ्याला थेट नियमभंगात ढकलतो.

तेथेच एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर एमएस करणाऱ्याला या वाटेने जावे लागत नाही. साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर त्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी, म्हणजे सीपीटी, मिळते. मात्र पूर्णवेळ सीपीटी १२ महिने वापरली की त्याच पातळीवरची ओपीटी (ऐच्छिक प्रत्यक्ष प्रशिक्षणाची परवानगी) हातची जाते.

ब्रिटनमध्ये शासनमान्य आदानप्रदान योजनेखाली प्रायोजकाचे प्रमाणपत्र लागते. जर्मनीत भारतातल्या विद्यार्थ्याच्या इंटर्नशिपला तेथील रोजगार संस्थेची संमती हवी, शिवाय काम त्याच्या विषयाशी जुळले पाहिजे. कॅनडात शिकणाऱ्यांसाठी को-ऑप परवाना आहे. त्याला शुल्क नाही, पण काम अभ्यासक्रमाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये.

पासपोर्टचे काम ठाण्यात वागळे इस्टेटच्या सेवा केंद्रात होते. अमेरिकी वकिलात मात्र २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. डोंबिवलीकराने मुलाखतीच्या वेळेआधी कुर्ल्यापर्यंतच्या सकाळच्या लोकलचा हिशेब धरलेला बरा. जून २०२५ पासून एफ, एम आणि जे व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवण्याची सूचना आहे.

इकडच्या अर्जांत खरी गफलत नावाची होते. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग स्वतःचे, वडिलांचे व आईचे नाव असा क्रम दिसतो. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि आईचे नाव अर्जदाराच्या नावात येत नाही. डीएस-२०१९ वरचे नाव पासपोर्टाप्रमाणेच हवे. म्हणून प्रायोजकाला गुणपत्रिकेआधी पासपोर्टाची प्रत पाठवावी.