बघून ठरवणारे

1875 सालचा सप्टेंबर. दापोलीजवळच्या मुरुडच्या पाखाडीवर तुम्ही उभे आहात. पायाखालचा चिरा शेवाळून निसरडा झालाय, दोन्ही हातांना नारळ-पोफळीची आगरं ठिबकताहेत. समुद्र खवळलेला, बोटी बंद. म्हणून सतरा वर्षांचा धोंडो कर्वे, पुढचे महर्षी कर्वे, सोबत्यांबरोबर साताऱ्याला पायीच निघालाय, सरकारी परीक्षेला. शंभरावर मैल. तुम्हीही चला.

वाटेत रानाच्या कडेला एक कातकरीण चिखलात हात घालून खेकडे धरतेय. तिच्या झोपडीमागे काताची भट्टी थंड पडलीय; पाऊस सरला की पेटेल. खैर तोडायचा, साल आणि पांढरं लाकूड काढून टाकायचं, लाल गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, रस आटवून वड्या थापायच्या. रस कधी उतरवायचा हे तिला रंगावरून कळतं. पोरं पुढे जातात. तिचं पोर कुठल्या परीक्षेला निघालेलं नाही.

कुंभार्ली घाट, पाटण, आणि भिजून चिंब झालेला सातारा. परीक्षा समितीचे अध्यक्ष धोंडोकडे वरपासून खालपर्यंत पाहतात आणि म्हणतात, हा सतराचा दिसत नाही. वय पुरं भरलेलं असतं, तरी नुसतं अंगावरून ठरतं. मुलगा परत फिरतो. पुढे कोल्हापुरातून तो ही परीक्षा पास झाला, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला या क्षणी नाही.

आता पन्नासेक वर्षं पुढे या. बर्लिन. याच धोंडोची सून, इरावती कर्वे, कवट्या मोजतेय. त्यांतल्या कित्येक जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या. मार्गदर्शक ऑयगन फिशर. याच माणसानं 1908 मध्ये नैर्ऋत्य आफ्रिकेत मिश्र वंशाच्या लोकांची मापं घेतली होती. हेरेरो आणि नामा लोकांचा जर्मन सैन्यानं केलेला संहार तेव्हा ताजा होता. गोऱ्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू असमान आणि म्हणून बुद्धी वरचढ, असं फिशरला सिद्ध करून हवंय. इरावतीबाई मोजतात, पुन्हा मोजतात आणि लिहितात: वंशाचा आणि कवटीच्या या असमानतेचा संबंध दिसत नाही. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर. मराठी संशोधनातला हा क्षण मला फार मोठा वाटतो.

पण मोजपट्टी त्यांच्याही हातून सुटली नाही. परतल्यावर महाराष्ट्रभर लोकांची उंची, डोकं, नाक मोजलं गेलं. माणसं कुठून आली असतील याचा शोध त्यात होता. त्या कातकरणीचं पोर उपाशी का, याचं उत्तर त्या आकड्यांत मिळणार नव्हतं.

त्यासाठी परत तिच्या काताच्या भट्टीशी चला. 1878 चा वनकायदा आला, जंगलं राखीव होत गेली, खैराला हात लावायला परवाना लागू लागला. इंग्रजी गॅझेटियरांनी कातकऱ्यांवर चोरटेपणाचा शिक्का मारला. ज्याचं झाड गेलं, तोच चोर ठरला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, पुढे वीटभट्ट्या.

अलीकडे डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर या संशोधकांनी कातकऱ्यांबरोबर बसून काम केलं; त्याचं पुस्तक 2013 मध्ये आलं. कित्येक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या परक्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत आणि जमिनीला भाव आला की कुंपण दारापर्यंत येतं, हे त्यातून नीट पुढे आलं. यात कुणाची कवटी मोजावी लागली नाही.

तेव्हा आज दापोलीकडच्या एखाद्या वाडीत वही घेऊन जाणार असाल, तर वजनकाटा खुशाल न्या. पण आधी विचारा: सातबारा कोणाच्या नावावर आहे? वीटभट्टीवाल्याकडून यंदा उचल किती घेतली? आणि दिवाळीनंतर सगळं घर भट्टीवर गेलं, की शाळेतल्या पोरांना कोणाकडे ठेवता?