रणांगणावरील ओळख: ढालगजापासून रणगाड्यापर्यंत

सोलापूर जिल्ह्यांतील माढा येथील भुईकोट किल्ला आणि माढेश्वरीचें देऊळ हीं दोन्ही स्थळें रावरंभा निंबाळकरांच्या नांवाशीं जोडलेलीं आहेत. रंभाजी निंबाळकर हे मराठे सरदार. परंतु अठराव्या शतकाच्या आरंभीं ते मोंगलांकडे गेले व पुढें निजाम-उल्-मुल्काच्या पदरीं राहिले. 'रावरंभा' हा किताब आणि माढा-करमाळा बाजूची जहागीर हें त्या सेवेचें फळ होय. इ. स. १७२८ मध्यें पहिल्या बाजीरावानें ज्या मोहिमेंत निजामाला पालखेडजवळ कोंडलें, त्या मोहिमेंत निजामाच्या पक्षाला चंद्रसेन जाधव होते, रंभाजी निंबाळकर होते, आणि कोल्हापूरचे संभाजी महाराजही होते.

अशा लढाईंत आपला कोण आणि परका कोण, हें ओळखावयाचें कसें? दोहोंकडे तोच दक्षिणी स्वार, तेंच भीमथडीचें तट्टू, तोच भाला आणि तीच बोली. धुरळा उठला म्हणजे दहा हातांवरचा चेहरा दिसत नसे. म्हणून सैन्याची ओळख निशाणावर सोंपविलेली असे. मराठ्यांचा भगवा झेंडा, पेशव्यांच्या सेनेपुढें चालणारा जरीपटका आणि असफजाही घराण्याचें पिवळें निशाण हीं दुरून दिसावींत म्हणूनच उंच उभारीत. मोठें निशाण वाहणाऱ्या हत्तीला ढालगज म्हणत. पांगलेला स्वार त्या हत्तीकडे पाहून आपलें पथक गांठी. पण जें निशाण आपल्या लोकांना दिसतें, तें शत्रूच्या गोलंदाजालाही दिसतें. आपल्यांना दिसावें आणि शत्रूला दिसूं नये, या दोन गरजा परस्परविरुद्ध आहेत; सैन्याच्या रंगांचा आणि चिन्हांचा इतिहास बव्हंशीं या विरोधांतूनच घडला आहे.

ओळखीची खूण नाहींशी झाली तर काय होतें, हें पानिपतावर दिसून आलें. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संग्रामांत विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या पथकांत कांहीं अफगाण स्वार नोकरीस होते. अब्दालीच्या लोकांपासून ते वेगळे ओळखूं यावेत म्हणून त्यांच्या डोक्यांस भगव्या पट्ट्या बांधविल्या होत्या. विश्वासराव पडल्याचें कळतांच या स्वारांनीं पट्ट्या काढून टाकल्या व लुटालूट आरंभिली, असा वृत्तांत आहे. पट्टी गेली आणि अफगाण चेहरा तेवढा उरला. तेव्हां शत्रूच पिछाडीस शिरला, अशी मराठ्यांची समजूत झाली. पानिपतच्या पराभवाचीं कारणें पुष्कळ आहेत. परंतु ऐन घटकेस उडालेल्या गोंधळांत या काढलेल्या पट्ट्यांचाही वांटा होता.

पुढें घोड्यांची जागा यंत्रांनीं घेतली, तरी प्रश्न बदलला नाहीं. सप्टेंबर १९१६ मध्यें सोम नदीच्या रणक्षेत्रांत इंग्रजांनीं प्रथमच रणगाडे आणले. सॉलोमन जे. सॉलोमन या चित्रकारानें ते आसपासच्या भूमींत मिसळून जावेत अशा बेतानें निरनिराळ्या रंगांच्या ठिपक्यांनीं रंगविले होते. परंतु फ्रान्सच्या चिखलानें सर्वांनाच एक रंग दिला, आणि ती रंगसफेती लौकरच सोडून देण्यांत आली. मग दुसरी अडचण उभी राहिली. जर्मनांनीं कांहीं इंग्रजी रणगाडे पकडले, त्यांवर आपला क्रूस रंगविला, आणि तेच इंग्रजांवर घातले. तेव्हां १९१८ मध्यें इंग्रजांना आपल्या रणगाड्यांच्या तोंडाशीं पांढरे-तांबडे-पांढरे ठळक पट्टे ओढावे लागले. लपण्याची हौस बाजूस ठेवून दिसण्याची सोय पत्करावी लागली. विंचूरकरांच्या स्वारांची पट्टी आतां पोलादावर आली.

माढ्याच्या परिसरापासून दूर नसलेल्या रस्त्यावर हा प्रश्न पुन्हां उभा राहिला, तो पालखेडनंतर दोनशें वीस वर्षांनीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचें सैन्य सोलापूरहून हैदराबाद संस्थानांत शिरलें. नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हातीं लागला, आणि त्याच दिवशीं दुपारीं रणगाडे उमरग्यास पोंचले. समोरचें निजामाचें सैन्यही इंग्रजी कवायतींतच तयार झालेलें होतें; त्याच्या कांहीं पलटणी दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्याच्या बरोबरीनें लढल्या होत्या. पुन्हां एकदां दोन्ही बाजूंची घडण एकच होती. चौधरींच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचें चिन्ह होतें हत्ती. आजही तिला ऐरावत डिव्हिजन म्हणतात. इंग्रजांकडून आलेल्या पद्धतींत रंगीत चौकोनांतल्या अंकावरून रेजिमेंट कळे, आणि साध्या आकृतींवरून तिची तुकडी: मुख्यालयास शंकरपाळ्याची आकृति, 'ए' तुकडीस त्रिकोण, 'बी'स चौकोन, 'सी'स वर्तुळ. जाणत्याला हें पत्र्यावरचें पत्र क्षणांत वाचतां येई. १७ सप्टेंबरला युद्ध थांबलें. दुसऱ्या दिवशीं निजामाचे सेनापति एल् एद्रूस चौधरींना शरण आले.

१९४७ च्या फाळणींत चिलखती रेजिमेंटांपैकीं बारा भारताकडे आणि सहा पाकिस्तानकडे गेल्या होत्या. त्यामुळें १९६५ च्या युद्धांत एकाच शाळेंत शिकलेले सैनिक समोरासमोर आले, आणि शर्मन रणगाडे तर दोघांकडेही होते. रावरंभांच्या काळांतली अडचण नव्या यंत्रांनीं मिटविली नव्हती.

चिन्हांहून जवळचें असें एक लक्षण रणगाड्यावर असतें, तें म्हणजे त्याचें नांव. १८१७ मध्यें पेशव्यांशीं झालेल्या तहांतून उभ्या राहिलेल्या पूना हॉर्स या रेजिमेंटचा 'फामागुस्ता' नांवाचा सेंच्युरियन रणगाडा १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतर नदीच्या लढाईंत होता. हें नांव सायप्रस बेटांतल्या एका बंदराचें. त्यांत पुण्यास जन्मलेले एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. रणगाड्यास आग लागली तेव्हां तो सोडून देण्याचा हुकूम बिनतारी यंत्रावरून आला. तोफ अजून चालते आहे, म्हणून त्यांनीं तो सोडला नाहीं, आणि तेथेंच त्यांना वीरमरण आलें. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यांत आलें. तो रणगाडा दुरुस्त करून अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथील चिलखती दलाच्या केंद्रांत जतन केलेला आहे.

पानिपतावर पट्टी बांधणाऱ्या हातानेंच ती सोडली. कोणताही रंग वा आकृति कोणीही अंगावर चढवूं शकतो, आणि पकडलेल्या रणगाड्यावर शत्रूही आपलें चिन्ह काढतो. चिन्हानें दुरून माणूस ओळखतां येतो. तो संकटांत त्या चिन्हाखालीं उभा राहील कीं नाहीं, हें मात्र वेळ आल्यावरच कळतें.