सुरतेचा ब्लॉक, परळचा रिपोर्ट

सुरतेहून परळला येणाऱ्या पेशंटच्या पिशवीत बहुधा फाईलबरोबर मेणात बसवलेल्या गाठीचा ब्लॉकही असतो. 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा असा तुकडा मुख्यतः कॅन्सर आहे की नाही हे सांगे. पुढे परळलाच डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवर हार्मोन, आनुवंशिकता आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध शोधला. आज स्तनाच्या गाठीच्या अशा ब्लॉकवर ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू हे मार्कर तपासून औषध ठरतं. गाठ हार्मोनवर पोसत नसेल तर हार्मोन रोखणारं टॅमॉक्सिफेन देऊन उपयोग नाही, हे निर्विवाद.

पण मार्कर म्हणजे सर्वस्व, हे मला पटत नाही. 2023 मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने स्तनाचा कर्करोग झालेल्या 1600 स्त्रियांचा अभ्यास छापला. ऑपरेशनआधी गाठीभोवती लिडोकेन हे बधिर करणारं औषध टोचलं, एवढंच. पाच वर्षांनी हयात 90.1 टक्के, न टोचलेल्यांत 86.4. फायदा ईआर, हर-टू काहीही असो, सारखाच. प्लासिबो नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. मात्र मृत्यूची नोंद डॉक्टरच्या अपेक्षेने बदलत नाही. लिडोकेनची बाटली तर सुरतेतल्या साध्या ऑपरेशन थिएटरातही असते.